भाड्यावरची निम्मी माफी

४ मार्च

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

मी खुशाल नाही. तुझी खोली नर्सबाईंना भाड्याने दिली, ती तुला विचारूनच ना? डोळ्यांमुळे शिवणकाम सुटलं, आता त्या भाड्यावरच माझं घर चालतं. राहत्या घरातली खोली दिली की भाड्यावरचा कर माफ होतो म्हणे, म्हणून कर-कचेरीत गेले. कारकून म्हणाला, घर दोघा भावंडांचं आहे आणि आपण तिथेच राहतो असं भावाने यंदा लिहून दिलंय. तेव्हा माफी दोघांत वाटली जाते, तुमची निम्मीच, बाकीच्यावर कर भरा.

अरे, लग्न झाल्यावर तू बिऱ्हाड वेगळं केलंस ना? मग हा काय उपद्व्याप? घरावर डोळा असेल तर तोंडावर सांग. नाहीतर तिथे राहत नाही, असं सरळ लिहून पाठव.

लोभ आहेच, पण सध्या राग वरचढ आहे.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. घरावर डोळा नाही गं, तुझी शपथ. पण तू म्हणतेस तसं लिहून दिलं, तर पुढे विचारतात, मग राहता कुठे? काय सांगू?

आमचं नवराबायकोचं फाटलं. हिवाळ्यातच बाहेर पडलो. छापखान्यात कागदाच्या गठ्ठ्यांवर झोपतो, मालक कानाडोळा करतो. कचेरीने पत्ता मागितला तेव्हा दुसरा कुठला सुचलाच नाही. तुझ्या माफीवर गदा येईल हे मला काय ठाऊक! या लग्नाला तू नको म्हणाली होतीस, मग तुला कोणत्या तोंडाने कळवणार?

कर मी भरतो. नर्सबाईंना मात्र घालवू नकोस. कृपा असू दे.

तुझा ठोंब्या

१४ मार्च

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद मागाहून, आधी शिव्या घे. गाढवा, सख्खी बहीण जिवंत असताना गठ्ठ्यांवर झोपतोस? वाचल्यापासून घास उतरत नाही.

आज पुन्हा कचेरीत गेले. कारकुनाने चारचौघांत बजावून विचारलं, भाऊ खरंच तिथे राहतो का, नसेल तर पूर्ण माफी तुमची. राहतो, मी म्हटलं. निम्मी माफी घेऊन घरी आले. नर्सबाई आहेत तिथेच राहतील. बाहेरच्या खोलीत तुझा पलंग लावलाय.

उभ्या जन्मात सरकारदरबारी खोटं बोलले नव्हते. आता मला खोटी पाडू नकोस. मिळेल त्या गाडीने घरी ये.

तुझी ताई