मनिलाहून आणलेल्या पाचव्या डब्याची व्यवस्था

मी, बस्त्याव अंतोन घोन्साल्विस, वय बावन्न, धंदा सुतारकी, राहणार उत्तन, हे स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे, छातीचं काही खरं नाही. मजवर कोणाची जबरदस्ती नाही. कोणी करायला आलं असतं, तर इतका दमलो आहे की त्यालाच लिहायला बसवलं असतं.

एक. घर व मागची वाडी धाकटी बहीण मार्सेलिन हिला. लोक म्हणतील, तिने एवढं करूनही? हो, करूनही.

दोन. वाकस, रंधे व करवती चौकच्या बाळा तांडेल यास. त्याने होड्या बांधाव्यात. मी त्याच हत्यारांनी खोटी घरं बांधली. एकतीस साली जहाजावरचा सुतार होतो. ताप आला म्हणून मनिलाला उतरवलं आणि जहाज निघून गेलं. तिथे सिनेमावाल्यांना सुतार हवा होता. चित्रं तेव्हा मुकी होती. नटी रडत असे आणि आम्ही शेजारीच खिळे ठोकत असू. पुढे बोलपट आला. मग आम्हांला गप्प बसवलं, पण कोंबड्यांना कोण बसवणार? कोंबडा आरवला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या थिएटरांत अमेरिकन चित्रंच लागत. पण टागालोग बोलपट आला की बाजारातल्या बाया टोपल्यांसकट रांगेत उभ्या राहत. पडदा आपल्या भाषेत बोलतो याचं त्यांना कोण कौतुक!

तीन. माझी बायको रेमेद्योस तिथे कपडे शिवत असे. गर्दी कमी पडली की तिलाही उभी करत. तिच्या नावाने उत्तनच्या देवळात दरसाल एक मिस्सा व्हावा. जपानी आले, फिल्म मिळेनाशी झाली, स्टुडिओ बंद पडला. पंचेचाळीसच्या फेब्रुवारीत शहर जळालं. त्यात ती गेली, चित्रांचं कोठारही गेलं. मालकाने गावाकडे लपवलेले पाच डबे तेवढे वाचले. मी निघताना ते त्याने माझ्या हवाली केले. "इथे काही टिकत नाही. स्थिरस्थावर झालं की परत पाठव," म्हणाला. मी शब्द दिला.

इथे आल्यावर मी दोन महिने मुंबईला इस्पितळात होतो. परतलो तो चार डब्यांतली फिल्म बोंबील वाळवायच्या वलांडीवर टांगलेली. मार्सेलिन खुशीत म्हणाली, "कावले बोंबील ठेवत नव्हते. ह्या चकचकीत पट्ट्या बांधल्या तवापासून एक कावला न्हाय!" ऊन, दव आणि खाऱ्या वाऱ्याने चित्रं पार धुऊन गेली होती. त्यांत माणसं होती हे सांगितलं तेव्हा ती पट्ट्या सोडवू लागली. "मना काय ठाव, बस्त्याव?" मी वर्षभर तिच्याशी बोललो नाही. ते चुकलंच. तिला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं.

चार. पाचव्या डब्याचं झाकण गंजून बसलं होतं, तिला उघडलं नाही, म्हणून तो राहिला. त्यात विहिरीवरच्या बायांमध्ये रेमेद्योस आहे. उजेडाला धरून मी एकेक चौकट पाहिली आहे. घागर कमरेवरून डोक्यावर न्यायला तिला त्रेपन्न चौकटी लागतात. चित्रात चालताना ती मला दिसलेली नाही. चित्र चालवायचं यंत्र इथे कोणाकडे आहे? दोन वर्षांत तो डबा पाठवता आला असता. पाठवला नाही, कारण माझ्याकडे तिचं दुसरं काही नाही.

भाची डेझी हिने तो मनिलाच्या जहाजावर खात्रीच्या माणसाच्या हाती द्यावा. मालकाचा पत्ता डब्याला बांधला आहे. दिव्याजवळ नेऊ नये, आतली फिल्म भडकन पेटते.

या कलमात आधी 'डबा माझ्या शवपेटीत, छातीशी ठेवावा' असं लिहिलं होतं. ती ओळ मी खोडली आहे आणि खोडल्याजागी सही केली आहे, म्हणजे माझी दया येऊन कोणी तसं करू नये. माझं मन अजून तिथेच आहे. तरीही डबा पाठवावा.

लिहिणार : बस्त्याव अंतोन घोन्साल्विस
आमच्यासमक्ष सही केली : अल्फान्सो डिमेलो, तारोडी; रघू धर्मा म्हात्रे, उत्तन
मुक्काम उत्तन, तारीख ११ जानेवारी १९४८