लोरीनाच्या लग्नाचं केशर

हिंकलटाऊन, पेनसिल्व्हेनिया
६ मार्च १९७८

चि. सौ. अल्टा हिस,
अ. उ. आ. इकडे सगळे हिंडते-फिरते आहोत. तुमच्याकडचे तसेच असावेत.

बातमी आधी सांगते, नाहीतर तू पत्र शेवटाकडून वाचायला घेशील. लोरीनाचं ठरलं. मुलगा न्यूयॉर्कच्या बाजूच्या हूवरांचा, आयझॅक. कामाला वाघ, बोलायला मुका. शेतं मोकळी झाली की नोव्हेंबरात लग्न. चर्चमध्ये जाहीर होईपर्यंत कुणाला बोलू नकोस. रूबेनला सांगितलंस तर चालेल, पण मग सगळ्या मिसूरीला सांगितलंस असं मी धरीन.

लग्न आपल्याच घरी, दोनशे पानं. लोरीनाला विचारलं की तुला काय हवं. ती म्हणाली की काही नको, फक्त कोंबडीचा रस्सा पिवळा कर, बाबा असताना करायचीस तसा. मी हो म्हणून मोकळी झाले आणि मग कपाटातली लाकडी डबी उघडली. आत काडी नाही. लोरीनाच्या बाबांच्या, फारीसच्या मातीच्या दिवशी बायकांनी माझं स्वयंपाकघर हातात घेतलं, तेव्हा होतं नव्हतं ते सगळं केशर त्या रश्श्यात गेलं. चांगल्या मनाने घातलं त्यांनी. मी त्या दिवशी जेवले नव्हते, त्यामुळे कसा झाला होता तेही ठाऊक नाही. आणि केशराच्या वाफ्याभोवतीची जाळी दरवर्षी फारीस ठाकठीक करायचे. ते गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात शेतउंदरांनी सगळे कंद खाल्ले.

दुकानात डब्या मिळतात, मला माहीत आहे. पण पोरीच्या लग्नात विकतचं केशर म्हणजे शेजारच्या घरून पाव मागून आणून पाहुण्यांना वाढणं. आईच्या वाफ्यातले कंद आता जगात फक्त तुझ्याकडे आहेत. तू इथून जाताना मडकंभर नेलेस. त्यांचं काय झालं ते कळव.

तुझी,
एर्मा


व्हर्सेल्स, मिसूरी
१९ मार्च १९७८

ती. एर्माताईस,
शि. सा. न. वि. वि. तुझी बातमी वाचता वाचता दूध उतू गेलं, त्यामुळे रूबेनना सांगावंच लागलं. मिसूरीला त्यांचं ते सांगतील.

तुझे कंद जिवंत आहेत. चांगली बातमी इथे संपली. हिवाळ्यात गवत हिरवंगार येतं, मे महिन्यात वाळतं, आणि आठ वर्षांत फूल म्हणून एक नाही. रूबेन म्हणतात की हिने पेनसिल्व्हेनियाहून हौसेने गवत आणलं, जसं काही मिसूरीत कमीच होतं. मी म्हटलं की तुम्हालाही मी तिथूनच आणलं, आणि फुललेले तुम्हीही दिसत नाही. त्यावर दोन दिवस घरात शांतता होती, छान गेले.

लाडात कमी केलं नाही, ताई. पंपाशेजारची काळी माती त्यांना दिली. सोमवारच्या धुण्याचं शेवटचं पाणी उन्हाळाभर तिथेच ओततो, आई ओतायची तसं. पोरींना शिस्तच लावली आहे, थेंब वाया जाऊ द्यायचा नाही. एवढं करूनही फुलत नसेल तर इथली हवाच त्याला मानवत नाही, असं मी मनाला सांगून टाकलं आहे. लोरीनाला काय सांगशील ते तूच बघ. मला वाईट वाटतं आहे.

तुझी धाकटी,
अल्टा


हिंकलटाऊन
२ एप्रिल १९७८

चि. अल्टा हिस,
अ. आ. तुझं पत्र वाचताना सोमवारच्या धुण्यापाशी आले आणि चष्मा काढून हसत बसले. लोरीना बघायला आली की आईला झालं काय.

अगं, आई पाणी ओतायची ते झेंडूवर. केशराचा वाफा होता स्वयंपाकघराच्या दक्षिण भिंतीला, वळचणीच्या आत, जिथे पाऊससुद्धा धड पोचत नसे. तिथे दुसरं काही येत नाही म्हणून केशर लावलं आहे, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. फिरत्या वाचनालयाची गाडी येते तिच्यातून गेल्या वर्षी कंदांवरचं पुस्तक आणलं, तेव्हा समजलं की केशर उन्हाळाभर झोपतं आणि त्या झोपेतच पोटात फूल धरतं. कोरडी, गरम झोप लागते त्याला. तू आठ वर्षं दर सोमवारी त्याला आंघोळ घालून उठवते आहेस. काटकसर आपल्या रक्तात आहे, पण इथे ती आडवी आली.

तर ऐक. पात वाळली की जूनमध्ये कंद उकर. बोटाने दाबून मऊ लागतील ते टाकून दे, बाकीचे माळ्यावर पसरून ठेव. ऑगस्टमध्ये दक्षिणेच्या भिंतीला, सगळ्यात रुक्ष जागा असेल तिथे लाव. पाणी अजिबात नाही. पोरींना शिस्त लावली आहेस तशीच आता मोडायला लाव.

आयझॅकची आई, मिनर्व्हा, परवा येऊन गेली. बाई प्रेमळ, पण जीभ घरी ठेवून येत नाही. म्हणाली की रस्सा तो रस्सा, पिवळा काय नि तपकिरी काय, पोटात अंधारच असतो. आणि एवढीच हौस असेल तर ती लोणच्याची हळद घेऊन येईल, चमच्या-चमच्यात पातेली पिवळी. लोरीना उठून कोंबड्यांना दाणे घालायला गेली. मघाशीच घातले होते. मी मिनर्व्हाला आणखी कॉफी दिली, कारण हातात काही नसतं तर मी बोलले असते.

म्हणून फुलव बाई कसंही करून.

तुझी,
एर्मा


व्हर्सेल्स
२८ ऑगस्ट १९७८

ती. ताईस,
शि. सा. न. तू सांगितलंस तसं केलं. सगळ्यात रुक्ष जागा निघाली अवजारांच्या छपराची दक्षिण बाजू, आणि तिथे रूबेनचा नांगर. त्यांनी विचारलं की नांगराला फूल येणार आहे का, मी म्हटलं की त्याच्यापेक्षा गवताला यायची शक्यता जास्त. कुरकुरत हलवला. कंद मात्र यंदा टणक आहेत, लसणाच्या गड्ड्यासारखे. पोरी सोमवारी धुण्याची बादली घेऊन कुठे ओतू म्हणून गोंधळून उभ्या राहतात.

पाऊस नाही. मका वाळतो आहे म्हणून रूबेन आभाळाकडे बघून प्रार्थना करतात, आणि मी त्याच आभाळाकडे बघून गप्प राहते. देवाने आमच्या घराचं काय समजावं.

अल्टा


व्हर्सेल्स
१७ ऑक्टोबर १९७८

ताई,
नमस्कार वगैरे पुढच्या पत्रात. फुलं आली.

काल सकाळी दुधाला जाताना छपराशी जांभळं काही दिसलं. मला वाटलं पोरींची ओढणी पडली. जवळ गेले तर जमिनीतून नुसत्या कळ्या, पातीच्या आधी. बादली तिथेच ठेवून मी रूबेनना हाक मारली. ते धावत आले, कारण त्यांना वाटलं साप आहे. बघत राहिले आणि टोपी काढली. आठ वर्षं ऐकलेलं सगळं त्या एका टोपीत फिटलं.

आज सकाळी पहिला तोडा केला. लाल काड्या वेगळ्या करून बेकिंग पावडरच्या रिकाम्या डब्यात घातल्या, वास उडू नये म्हणून झाकण घट्ट ठोकलं. सोबत पार्सलने पाठवते आहे. लोरीनाला आधी हुंगू दे.

अल्टा


हिंकलटाऊन
२४ ऑक्टोबर १९७८

चि. अल्टा हिस,
अ. आ. डबा पोचला. मन घट्ट कर. झाकण लोरीनाने उघडलं आणि आत बुरशी निघाली, पांढरी, सगळ्या काड्यांवर. ती रडली नाही, डबा बाहेर नेऊन रिकामा केला आणि धुऊन ठेवला. रडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी म्हणाली की मिनर्व्हाबाईंना हळद आणू दे, आई, तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस.

मी ऐकणार नाही. माझंच चुकलं, फुलवायचं सांगितलं आणि ठेवायचं सांगितलं नाही. वाफा अजून फुलत असेल. पाव काढून घेतल्यावर ओव्हन निवू दे, आत हात निवांत राहील इतका. पिठाच्या पिशवीचा तपकिरी कागद अंथरून काड्या मोकळ्या पसर, दार किंचित उघडं ठेव. काडी वाकली तर कच्ची आहे. कट्कन मोडली म्हणजे झाली. मग कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, आणि डबा चादरींच्या खणात, अंधारात. चुलीवरच्या फळीवर हाताशी बरं म्हणून ठेवशील, तर महिन्यात त्याचं गवत होईल आणि रूबेन खरे ठरतील.

रोज उमलायच्या आधी तोड. दिवस थोडे आहेत.

तुझी,
एर्मा


व्हर्सेल्स
८ नोव्हेंबर १९७८

ती. ताईस,
शि. सा. न. मोडतात. पोरी, मी आणि तुझे मेहुणे, रोज टेबलाभोवती बसून निवडतो. त्यांची बोटं जाड, पण एक काडी तुटू देत नाहीत. शेवटची फुलं परवा तोडली. चादरींना इतका वास लागला आहे की झोपताना भूक लागते.

हे टपालाच्या हाती देणार नाही. सोमवारच्या बसने आम्हीच निघतो. डबा रूबेनच्या कोटाच्या आतल्या खिशात राहील. मी घेते म्हटलं तर नाही म्हणाले, हे गवत त्यांचं आहे.

अल्टा


हिंकलटाऊन
२७ नोव्हेंबर १९७८

चि. अल्टा हिस,
अ. उ. आ. तुम्ही सुखरूप पोचलात ते कळलं. रूबेनला वेगळा नमस्कार सांग.

लग्नाच्या दिवशी तू पातेल्यांपाशी होतीस आणि दुसऱ्या दिवशी निघायच्या गडबडीत बोलणं झालं नाही, म्हणून बाहेर काय झालं ते लिहिते. तू काड्या कोमट रश्श्यात भिजवल्यास तेव्हा रंग हळूहळू उतरला, ते आपण दोघींनी पाहिलं. पण पातेलं बाहेर नेलं तेव्हा वास आधी पोचला. म्हाताऱ्यांच्या टेबलावरच्या माना वळल्या. फारीसच्या भावाने चमचा हातात घेतला आणि नुसता धरून बसला.

मिनर्व्हाने पहिला घास घेतला आणि शेजारणीला सांगत होती ते अर्ध्यात सोडलं. तीनदा वाढून घेतलं. मी मोजत नव्हते, तिची शेजारीण मोजत होती. मग मला गाठून विचारलं की हे घरी कसं ठेवायचं. मी म्हटलं की चुलीपासून लांब, अंधारात, चादरींच्या खणात. तिने शाळेतल्या मुलीसारखं परत म्हणून दाखवलं. हळदीची बाटली पिशवीत होती, मी पाहिली. तशीच बंद परत गेली. लोणच्यांना लागेलच.

आयझॅकने रश्श्याचं भांडं मागितलं. स्वतः, तोंडाने. लोरीनाने ते त्याच्याकडे सरकवलं आणि पावाच्या तुकड्याने आपली ताटली पुसून खाल्ली. माझ्याकडे बघून म्हणाली की आई, झाला. एवढंच.

सगळे गेल्यावर घर फार मोठं वाटलं. त्याची मला सवय आहे. तू ठेवून गेलेली चिमूटभर काडी मी डबीत भरली, पुढच्या मोठ्या प्रसंगाला होईल म्हणून. फारीस गेल्यापासून मी स्वतःपुरतं जेवण पांढरंच करत होते, एकटीसाठी काय केशर असं वाटायचं.

परवा शनिवारी कोंबडी उकळली, शेवया लाटल्या, आणि डबी काढली. कुणाचं लग्न नव्हतं, कुणाची माती नव्हती. तीन काड्या कोमट पाण्यात टाकल्या, रंग येईपर्यंत शेजारी बसून राहिले. मग ताट घेऊन टेबलाशी बसले आणि सगळं जेवले, पातेलं निपटून.

तुझ्यावर जीव आहे, तो असाच राहील.

तुझी,
एर्मा