उशीतल्या तारेचे नाव

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, धंदा शिवणकाम, लिहून ठेवते की डावा कान सोडला तर माझे सर्व काही शाबूत आहे, डोके तर आहेच, आणि हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही.

एक. राहते घर, शिलाई मशीन आणि बँकेतली शिल्लक मुलीला. नणंदेने आमच्या लग्नात दिलेले पातेले तिला परत करावे. ते तेव्हाही गळत होते.

दोन. आमचे हे घरफोड्या करीत. गल्लीला ठाऊक आहे, तेव्हा लपवत नाही. त्या धंद्यात हत्यारांना टोपणनावे असत. भिंत फोडायच्या पहारेला यांच्या उस्तादाच्या काळी 'आजोबा' म्हणत. ते एका हवालदाराला कळले, तेव्हा तिचा 'मामा' झाला. तेही कोर्टात उघडे पडले, मग यांनी तिची 'राणी' केली. गिरमिट आधी 'भुंगा' होते, पुढे 'लाडी' झाले. पोलिसाच्या कानी गेलेला शब्द पुन्हा तोंडात घ्यायचा नाही आणि चालू शब्द बाहेरच्या जिवंत माणसाला सांगायचा नाही, बायकोलासुद्धा, असा त्यांचा नियम. मला ही नावे कळली ती यांच्या खटल्यात, कोर्टाच्या बाकावर बसून. घरात राणी आणि लाडी नांदत होत्या, आणि मी 'अगं'वर दिवस काढत होते! अंगाचा तिळपापड झाला.

तीन. कुलपे उघडायची, टोकाला वाकवलेली पोलादी तार पोलिसांना सापडली नाही, कारण ती मी उशीत शिवली होती. "तिला काय म्हणता ते सांग, शिक्षा कमी करायला लावतो," असे फौजदाराने यांना परोपरीने सांगितले. त्या शब्दावरून बाकीचे साथीदार पकडायचे होते. हे गप्प राहिले आणि जास्त दिवस आत बसले. सवतीला सांभाळायचे मी, आणि तिचे नाव मात्र मला कळता कामा नये! मी तेव्हा जळले, आजही जळते. सुटून आल्यावर विचारले, तर म्हणाले, "तुला काय करायचंय? जेवायला वाढ."

चार. हे वारल्यापासून ते नाव यांच्या एका जुन्या साथीदारालाच ठाऊक आहे. एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो, पण चौकीत कधी ब्र काढला नाही, म्हणून त्याला मुक्या म्हणतात. त्याच्या मनधरण्या करून थकले. "वहिनी, नियम म्हणजे नियम." ठीक आहे, नियमानेच होऊ दे. मी गेल्यावर मुक्याने माझ्या उजव्या कानाशी वाकून ते नाव स्पष्ट सांगावे. मेलेले माणूस चुगली करीत नाही. मग तार त्याची. ते नाव कुणा बाईचे निघाले, आणि ती बाई मी नसले, तर माझा फोटो यांच्या शेजारी लावू नये. स्वयंपाकघरात लावावा.

हे मुक्याला वाचून दाखवले. त्याने हातोडी मागितली आणि यांच्या फोटोशेजारी एक खिळा ठोकला. मी रडले, ते साक्षीदारांनी पाहिले. तरी कलम चार कायम. मला ते ऐकायचेच आहे.

सही (खटल्याच्या वेळी करायला शिकले, तीच)

साक्षीदार: शेजारचे घड्याळजी, दवाखान्यातल्या नर्सबाई
ठिकाण: पुढची खोली
तारीख: दुसऱ्या महिन्याची अकरा, बुधवार सकाळ