माझे पक्के आजोबा

३ जानेवारी
बेघरांच्या जेवणाच्या हॉलमध्ये आमच्या कॉलेजची मुलं रोज संध्याकाळी सूप वाढतात. यंदा त्यांचा प्रमुख मीच होणार. इतर जण नुसतं सूप देतात. मी प्रत्येकाला आधी जिद्दीचे चार शब्द देतो.

५ जानेवारी
माझी रांग सर्वांत छोटी. हात चपळ, दुसरं काय! धाकट्या बहिणीपुढे ही भलीमोठी रांग. शिकेल बिचारी. मीच आणलं तिला.

९ जानेवारी
टोपीवाले आजोबा माझे पक्के. भाषण संपेपर्यंत वाडगा धरून हसत उभे. धाकटी म्हणाली, दादा, त्यांना ऐकू येत नाही. मत्सर, दुसरं काही नाही.

१२ जानेवारी
इथे प्रमुख जेवणारेच निवडतात. मतंबितं नाहीत. वीस तारखेला ज्याच्यापुढे सर्वांत लांब रांग, तो प्रमुख. आजोबा जातील तिकडे अख्खा हॉल जातो. म्हणजे झालंच.

१४ जानेवारी
डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. आजोबा खरंच बहिरे निघाले. म्हणजे नुसत्या हावभावांवर एवढे भारावले होते! शब्द ऐकले तर? कानाचं यंत्र मिळवायलाच हवं.

१८ जानेवारी
दवाखान्याचे उंबरे झिजवून यंत्र मिळवलं. आजोबांच्या डोळ्यांत पाणी. मला मिठीच मारली. प्रमुखाचा बिल्ला कुठे शोभेल, ते आरशात पाहून ठेवलं.

१९ जानेवारी
आजोबांनी भाषण प्रथमच ऐकलं. ‘घर भिंतींचं नसतं, मनात असतं’ या वाक्याला त्यांनी डोळे मिटले. सूप गार झालं. त्यांनी विचारलं, बाळा, तू रोज हेच बोलतोस? अभिमानाने म्हणालो, रोज.

२० जानेवारी
दगा! आजोबा धाकटीच्या रांगेत, त्यांच्यामागे अख्खा हॉल. माझ्यापुढे एकच माणूस, तोही चमचा मागायला. ज्यांना कान दिले, त्यांनीच केसाने गळा कापला. आई म्हणाली, असू दे, पद घरातच आलं ना. आईसुद्धा फितूर.

२१ जानेवारी
राजीनामा देतो म्हणालो. प्रमुखबाईंनी, म्हणजे धाकटीने, विचारलं, कशाचा? तरी वाढायला उभा राहिलो. समोर चिटपाखरू नाही. तेवढ्यात आजोबा तिची रांग सोडून माझ्याकडे आले. पश्चात्ताप! म्हणाले, बोल बाळा, मनात ठेवू नकोस. मी घसा खाकरला. त्यांनी यंत्र काढून खिशात ठेवलं आणि वाडगा धरून हसत उभे राहिले.
बॅटरी वाचवत असावेत.