प्रकाशबाई आणि मठ्ठ माणसं

२ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहायचं. मेव्हण्याच्या दुकानातून तीन आठवडे रजा घेतली. दुकानांच्या पाट्यांवर प्लास्टिकची अक्षरं चिकटवणं हे माझ्यासारख्याचं काम नव्हे. तेवीस तारखेला कलाकेंद्राच्या हॉलमध्ये, लोकांसमोर माझ्या होलोग्रामचा प्रयोग, संचालिका बाई बघणार. पसंत पडला तर वर्षभर स्टुडिओ. पसंत न पडण्याचा प्रश्नच नाही.

५ फेब्रुवारी
मागच्या खोलीत तीन महिन्यांपासून सगळं मांडून ठेवलंय. तिरका ताणलेला पारदर्शक पडदा, खाली प्रोजेक्टर, माझ्या टेबलावर माइक. मी गायला लागलो की हवेत पाच फूट उंच, निळ्या प्रकाशाची बाई उभी राहते. सूर चढवला की वर जाते. टाळी वाजवली की तिचा भुगा होतो. गप्प बसलो की वळून माझ्याकडे बघते. या घरात वळून माझ्याकडे बघणारी ही एकटीच.

९ फेब्रुवारी
बायकोला दाखवलं. पडद्यापलीकडे, प्रेक्षकांच्या जागी, मुद्दाम चांगली खुर्ची दिली. तिला काही दिसेना. म्हणाली, तुम्ही तेवढे दिसताय, हातवारे करताना. मग विचारलं, दूध उतरवलंत का. नजर तयार व्हायला घराणं लागतं. हिच्या माहेरी नुसत्या पाट्या.

१० फेब्रुवारी, सकाळी ११
त्याच खुर्चीवर आईला बसवलं. तिला लगेच दिसली, तेही चष्मा न लावता. म्हणाली, छान आहे रे, लाल साडी खुलते तिला. बाई निळी आहे आणि साडी नेसलेली नाही. तरी आईला जाण आहे, यात शंका नाही.

१३ फेब्रुवारी
मेव्हण्याचा फोन. रजेनंतर नक्की येणार ना, म्हणे. सांगितलं, दुसरा माणूस बघ, मी आता पाट्यांना हात लावणार नाही. बोलता बोलता माझा आवाज चढला, तशी बाई छताला टेकली. तिलाही पटलं असावं.

१४ फेब्रुवारी
उद्यापासून पहाटे पाचला रियाज. काही झालं तरी.

१५ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
घसा जपणं हाही रियाजच.

२१ फेब्रुवारी
केंद्राच्या हॉलमध्ये पडदा लावला. तिथला लाइटवाला तिसऱ्या रांगेत उभा राहून अक्कल पाजळायला लागला. पडद्याचा उतार उलटा आहे, प्रतिबिंब फक्त तुमच्या टेबलाकडून दिसेल, दोन माणसं द्या, अर्ध्या तासात फिरवतो. जन्मभर बल्ब बदलले आणि आता मला शिकवतोय. मी म्हटलं, हा पडदा तीन महिने असाच आहे आणि मला रोज स्वच्छ दिसतं. तो बरं म्हणाला आणि चहाला निघून गेला. अशा लोकांना वेळीच जागा दाखवावी लागते.

२३ फेब्रुवारी, रात्री ८
प्रयोग झाला. दीडशे माणसं होती. पहिल्याच सुराला बाई उभी राहिली. इतकी सुंदर ती कधी आली नव्हती. मी बोलावलं, ती जवळ आली. टाळी वाजवली, भुगा झाला. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मी सूर चढवला, ती वर गेली, मी आ वासून वर बघत राहिलो, तर सगळा हॉल हसायला लागला. शेवटी तिच्यापुढे गुडघे टेकले तेव्हा लोक खुर्च्या बडवत होते. बथ्थड मेले. संचालिका बाई डोळे पुसत आल्या. म्हणाल्या, इतकं आजवर कुणी हसवलं नव्हतं. स्टुडिओचं विचारलं. त्या म्हणाल्या, तो होलोग्राम करणाऱ्यांसाठी आहे.

२४ फेब्रुवारी, दुपारी
बायकोनं तिसऱ्या रांगेतून मोबाइलवर सगळं काढलं होतं. बघितलं. पडदा रिकामा. त्याच्यामागे ढगळ सदऱ्यातला एक माणूस कुणाची तरी मनधरणी करतोय, रुसतोय, हवेला नमस्कार करतोय. मला हसू आवरेना. दोनदा मागे घेऊन बघितलं. मग तो मी आहे हे आठवलं. बायको एकदाही हसली नव्हती.

संध्याकाळी ५
मेव्हण्याला फोन लावला. तुम्ही सांगितलंत तसा दुसरा माणूस ठेवला, म्हणाला. अक्षरं सरळ चिकटवतो म्हणे.