नकलीसारखी दिसणारी असली पैठणी

होसूर,
सोमवार, जेवणाची सुट्टी

ती. सौ. मामीस रवीचा नमस्कार.

नमस्कार खरा आहे आणि रवी पण खराच आहे, हे पहिल्या ओळीतच लिहून टाकतो, कारण फोनवर तुम्ही ते मानलं नाही. मामी, फोन कापायची ही काय रीत झाली? मी नुसतं म्हटलं, "मामी, रवी बोलतोय, नंबर बदललाय, जरा अडचणीत आहे," तर तुम्ही म्हणालात, "आमचा रवी अडचणीत असला की आधी चिडतो, मग बोलतो. तू लय गोड बोलतो रे बाबा," आणि ठेवून दिला. दुसऱ्यांदा लावला तर नंबर ब्लॉक. ब्लॉक करायला तुम्हाला कुणी शिकवलं, तर मीच, गणपतीत आलो तेव्हा. कुणी माझं नाव सांगून, नंबर बदलला म्हणून, अडचण आहे म्हणून फोन केला तर एक अक्षर बोलायचं नाही, असं मीच तुमच्याकडून घोकून घेतलं होतं. एवढं मन लावून तुम्ही माझं जन्मात दुसरं काही ऐकलेलं नाही. (सातपूरची कंपनी सोडू नको, हे तुमचं मी ऐकलं नाही, त्याचा हा सूड असेल तर तसं सांगा, म्हणजे फिट्टंफाट झाली.)

तुमचा गुडघा कसा आहे? मामांचं साखरेचं औषध चालू आहे ना? (रक्त तपासायच्या आदल्या दिवशी ते उपास करतात आणि रिपोर्ट चांगला आला की पेढे आणतात, ते बंद करा.) माझी तब्येत ठणठणीत आहे. इथे भात भरपूर मिळतो. इथली भाषा मला अजून येत नाही, पण ते बरंच आहे, कारण सुपरवायझर काय बोलतो ते कळलं असतं तर मी ही पण नोकरी सोडली असती.

आता मूळ भांडण. तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलाय म्हणे, की येवला आपल्या दारात, एसटीत बसलं की दोन तासांत माणूस पैठणीच्या मागापुढे उभा राहतो, आणि हा दिवटा हजार किलोमीटरवरून मोबाईलवर पैठणी घेतो. बरोबर आहे. पण माझी बाजू तुम्ही ऐकलीच नाही. तेजलताईला सातवा लागला, पुढच्या शुक्रवारी एकलहऱ्याला ओटीभरण. आई नाही. तुम्ही मामी म्हणून जे कराल ते वेगळं, पण भावाने काय धाडलं हे तिच्या वसाहतीतल्या बायका विचारणार, आणि तिच्या सासूबाई, भागीबाई, कुणी विचारलं नाही तरी सांगणार. मला वाटलं, तुम्हाला गुडघ्याचा त्रास, कशाला येवल्याला हेलपाटा, आपणच बघू.

कंपनीच्या बसमध्ये मोबाईल चाळत होतो तर एक रील आलं. एक आजोबा मागावर बसलेले, खटखट आवाज, मागे सनई, आणि एक बाई मराठीत म्हणते, थेट विणकराच्या घरातून, मधला दलाल नाही. पेजचं नाव लिहीत नाही, कारण ते आता बदललंय आणि परत बदलेल. बारा हजारांची पैठणी साडेतीन हजारांत. खाली शेकड्यांनी बायकांनी लिहिलेलं, खूप सुंदर, वेळेवर मिळाली, सासूबाई खूश. एवढ्या सासूबाई एकदम खूश झालेल्या मी आजवर कुठे पाहिल्या नव्हत्या, तिथेच संशय यायला पाहिजे होता.

पण मी काही अगदीच बावळट नाही. मी पेजवाल्याला विचारलं, येवल्यात कुठे? उत्तर आलं, येवल्यातच, दादा. मी म्हटलं, साडी दारात आल्यावर पैसे देतो. तर तो म्हणाला, साडी कशासाठी आहे? म्हटलं, बहिणीच्या ओटीची. झालं. मामी, इथे मी आडवा पडलो. तो म्हणाला, "दादा, ओटीची साडी कुणी उधारीवर घेतं का? शुभ कामाची वस्तू आधी पैसे चुकते करून घ्यावी, बाळाच्या पाठीला देणं लावू नये." आता हे तर तुम्ही पण म्हणता. ताईच्या लग्नात मुंडावळ्यांचे वीस रुपये बाकी राहिले म्हणून तुम्ही मामांना भर उन्हात परत बाजारात पिटाळलं होतं. शिवाय आपल्यात ओटीच्या साडीचा भाव करत नाहीत, म्हणून तो पण केला नाही. वर मीच त्याला सांगितलं, की ओटीची आहे, घासाघीस करणार नाही. तर तो म्हणाला, "असा भाऊ देव सगळ्या बहिणींना देवो." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पैसे पाठवले. (मग पॅकिंगचे म्हणून त्याने आणखी दोनशे मागितले, ते पण पाठवले, कारण भाव करायचा नव्हता.)

पार्सल सरळ ताईच्या पत्त्यावर धाडलं. फोडताना व्हिडिओ काढायचा असतो, हे मी ताईला सांगून ठेवलं होतं, पण पार्सल आलं तेव्हा ताई दवाखान्यात आणि दारात भागीबाई. त्यांनी शेजारपाजारच्या बायका बोलावल्या, पाट मांडला, पार्सल फोडलं, साडीची घडी न मोडता तिला हळदकुंकू वाहिलं, आणि सुनेच्या भावाने येवल्याची पैठणी धाडली म्हणून वसाहतभर सांगून मोकळ्या झाल्या. नंतर ताईने मला फोटो पाठवला, खाली काहीच लिहिलं नव्हतं. मामी, पदरावर मोर म्हणून जे काही आहे त्या कोंबड्या आहेत. एकीला तर पायच नाहीत. जरीची तार म्हणजे चॉकलेटचा कागद. मी तोच फोटो त्या माणसाला पाठवला आणि म्हटलं, परत घे. तो म्हणाला, "दादा, फोटोत डाग दिसतोय, वापरलेला माल परत होत नाही." मी म्हटलं, तो डाग नाही, हळदकुंकू आहे. "मग तर अजिबातच नाही दादा, पूजा झालेली वस्तू परत घेतली तर आम्हाला पाप लागेल." आणि ब्लॉक. म्हणजे फसलो मी, आणि पापातून वाचला तो.

इथे थांबलो असतो तर बरं. पण मी पार्सलवाल्यांचा मदतीचा नंबर मोबाईलवर शोधला, पहिला दिसला तो लावला. तो माणूस तर आणखी गोड. म्हणाला, पैसे परत पाहिजे तर हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मला माहीत होतं. मामांना मीच सांगितलंय. पण तो माझ्यासाठी इतका कळवळत होता की वाटलं, ह्याचं मन कशाला मोडा. आणखी दोन हजार गेले. मग ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी नंबरला, १९३० ला, फोन करून मोडक्या हिंदीत तक्रार दिली, त्यांनी नीट लिहून घेतली, बघू काय होतं. पण तो गोड माणूस रोज नव्या नंबरवरून फोन करायला लागला, कधी बँकेतून, कधी पोलिसांतून. म्हणून मी सिम बदललं. आणि ते नवं सिम तुम्ही ब्लॉक केलं. आता कळलं का कसं काय झालं ते? मला तरी अजून नीट कळलेलं नाही.

मग खोलीतल्या पोरांनी माझी शाळा घेतली. पेज किती जुनं आहे बघ. लोकांची मतं वाच, पण सगळी गोडच असतील तर विश्वास ठेवू नको. व्हिडिओ कॉलवर साडी दाखवायला सांग. आगाऊ पैसे देऊ नको. घाई करायला लागला, फार गोड बोलायला लागला, तर पळ. एवढं पाठांतर मी आठवीत केलं असतं तर दहावी झालो असतो.

हे सगळं पाठ करून मी येवल्याच्या एका बाईंना फोन लावला, रंगूबाई म्हणून. आमच्या खोलीत सिन्नरचा सहादूभाऊ आहे, टर्नर, त्याच्या बायकोने नंबर दिला. रंगूबाईंच्या पेजवर चाळीस माणसं, त्यातली निम्मी त्यांच्याच आडनावाची. फोटोत साडी कमी आणि अंगठा जास्त. मी म्हटलं, व्हिडिओ कॉल करा. "दोन्ही हात मागावर हाय, फोन काय दातात धरू?" मी म्हटलं, मग लोकांची मतं दाखवा. "साडी नेलेल्या बाया साडी नेसतात, लिहीत बसत नाय." भाव विचारला तर सगळ्यात साधीचे नऊ हजार. सूट किती म्हटलं तर फोन ठेवला. सगळ्या नियमांत नापास. मी परत फोन करून सांगितलं, बाई, तुम्ही मला खोट्या वाटता. तर म्हणाल्या, "मंग नको घेऊ. खात्री करायची तर घरचं माणूस पाठव. पदर उलटा करून बघू दे, मागून पुढून सारखा दिसला तरच ने." मी म्हटलं, ओटीची आहे, भाव करणार नाही. "भाव नको करू. पण डोळे झाकून घे असं कोणत्या देवानं सांगितलं?"

तेव्हापासून मी चक्रावलोय. जो खोटा होता त्याच्याकडे पत्ता सोडून सगळं होतं, आणि ह्या बाईंकडे पत्त्याशिवाय काहीच नाही, म्हणून त्या खऱ्या असाव्यात. पण उद्या एखादा चोर असंच उद्धट बोलायला शिकला तर कसं ओळखायचं?

म्हणून हे पत्र, कारण अक्षर तरी तुम्ही ओळखाल. (इतकं वाईट अक्षर नकली काढता येत नाही, हे गुरुजी सुद्धा म्हणायचे.) सहादूभाऊ सुट्टीवर निघालाय, तो सातपूरला येऊन हे पत्र आणि पैशांचं पाकीट तुमच्या हातात देईल. उंच आहे, कानात बाळी आहे, बोलत नाही. गोड बोलला तर तो सहादू नाही, दार लावून घ्या. तुम्ही गुडघ्याला पट्टा बांधून एवढं येवल्याला जाऊन या. रंगूबाईंचा पत्ता पाकिटावर मागे लिहिलाय. पदर उलटा करून बघा. आणि माझा नंबर मोकळा करा.

मामांना नमस्कार. तुमच्यावर रागावलेला, पण तुमचाच,

रवी

ता. क. मुख्य काम लिहायचं राहिलंच. साडी खरी आणा, पण दिसायला त्या खोटीसारखी आणा. भागीबाईंनी ती सगळ्या वसाहतीला दाखवलीय. ओटीच्या दिवशी वेगळीच निघाली तर ताईला उत्तर द्यावं लागेल, आणि तीच निघाली तर बायका पदर हातात घेऊन बघणार, त्यात भागीबाईंची बहीण येवल्याला दिलेली. (दोन्हीकडून तोंड ताईचं पडणार आणि साडी धाडणारा इथे भात खात बसणार.) रंग राणी, काठ हिरवा, मोर जमलं तर कोंबडीसारखे. रंगूबाईंना मी फोटो पाठवला होता, त्या म्हणाल्या, "असलं कुक्कुटपालन माझ्या मागावर होत नाय." तेव्हा मोर मोरासारखे असले तरी चालेल, कुणी विचारलं तर म्हणा, घडी मोडली की खुलतात. मग सुकं खोबरं द्यायच्या निमित्ताने एकलहऱ्याला जा, भागीबाई चहा टाकायला आत गेल्या की साडी बदला, आणि त्याच घडीवर उजव्या कोपऱ्यात हळदकुंकू लावा. बोट जरा घसरलंय, तसंच घसरवा.

ता. क. दुसरं. एवढं लिहून झालं आणि ताईचा फोन आला. (तिने माझा आवाज पहिल्या शब्दाला ओळखला. मी तुलना करत नाही.) म्हणाली, "रव्या, दुसरी पैठणी-बिठणी आणायची नाही. मला सध्या जरीचं काही सोसत नाही, मानेला नुसती खाज सुटते. मामीला सांग, एक मऊ सुती आण, सात-आठशेची. तीच नेसते ओटीला. सासूबाईंना मी समजावते." म्हटलं, ती पहिली खोटी आहे हे तुला कसं कळलं? म्हणाली, "हात लावल्यावर कळणार नाही का? नाशिकची आहे मी."

ऐकून मला आधी बरं वाटलं. मग परत गोंधळ. तुम्ही आम्हाला त्र्यंबकच्या जत्रेला न्यायच्या, दोघांना दोन गारेगार घ्यायला पैसे द्यायच्या, आणि माझं गारेगार संपलं की ताई तिचं मला द्यायची, म्हणायची, घे, माझे दात ठणकतात. मी घ्यायचो. एवढ्याशा पोरीचे दर जत्रेला दात कसे ठणकायचे, हा प्रश्न मला आज पडला. तर ही मानेची खाज खरी का खोटी? पोरांच्या नियमांत हे कुठेच बसत नाही. ओळख जुनी आहे, मतं चांगली आहेत, आणि बोलते गोड, म्हणजे काय समजायचं?

मामी, तुम्ही आधी एकलहऱ्याला जा आणि तिची मान स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पुरळ असेल तर सुती घ्या आणि उरलेले पैसे तिच्या उशाखाली ठेवून या. पुरळ नसेल तर तिथूनच येवल्याची एसटी धरा, ती काय म्हणते ते ऐकू नका. खरं काहीही निघो, तुमच्या भाड्यासकट कमी पडू नये म्हणून ठेकेदाराकडून पुढच्या महिन्याची उचल घेतली आहे. पाकिटात आहेत रुपये नऊ हजार पाचशे.