उजेड सांगणारी डबी

बाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी चौथीपर्यंत शिकलेली, तेव्हा शुद्धलेखन तपासत बसू नका. महाप्याच्या रेडिओच्या सर्किटं जोडायच्या कारखान्यात तुम्ही आमच्या लाइनच्या सुपरवायझर, मी खाडीकाठच्या गावातून आलेली, भात लावायच्या हाताची. पहिल्या आठवड्यात टाके मारायची सोल्डरिंग गन धरली की हात लटलट कापायचा. बाकीच्या पोरी हसतायत, आणि तुम्ही मागून येता, माझं मनगट धरून टेबलावर दाबता. "हात कापतो तर टेकव ना. टेबल काय जेवायला दिलंय?" गोड बोलणं तुमच्या खानदानातच नसावं. पण घरी पाठवलं नाहीत. त्यावर माझी सगळी नोकरी निघाली. तेव्हा उपकार म्हटलं असतं तर चिडला असतात, म्हणून आत्ता म्हणते.

कोपरखैरण्याला आता आम्ही दोघं आणि नात. काचबिंदूने माझ्या म्हाताऱ्याची नजर गेली. आधी सारखा विचारायचा, दिवे लागले का, उजाडलं का. मग त्याला विचारायची लाज वाटायला लागली. खाडीच्या पाण्यावरच्या उजेडावरून वेळ सांगणारा माणूस, भिंतीकडे तोंड करून गप्प. जेवण अर्धं टाकायचा. असा गप्प झालेला माणूस फार दिवस काढत नाही, मी पाहिलंय.

नात डिप्लोमाला आहे. तिने त्याच्यासाठी हातात मावेल अशी डबी बनवली. आत उजेड ओळखणारा बटणाएवढा सेन्सर. उजेडाकडे धरली की वाजणार, उजेड वाढला की आवाज चढणार. खिडकी कुठे, दिवा चालू की बंद, त्याचं त्याला कळावं. पण पोरीने सर्किट उतरवलं रस्त्यावरच्या दिव्याचं, जो अंधार पडला की लागतो. म्हाताऱ्याने डबी खिडकीकडे धरली तर गप्प, मुठीत झाकली तर कोकलायला लागली.

"अंधार सांगायला यंत्र कशाला?" तो म्हणाला. "तो मला म्हायत हाय."

डबी खाली ठेवून परत भिंतीकडे वळला. पोरगी रडायच्या बेतात. चूक तिनेच शोधली, सेन्सर आणि रेझिस्टरच्या जागा उलट करायच्या होत्या. पण जुना टाका सोडवताना खालची तांब्याची पट्टी जळेल म्हणून तिचा हात उचलेना. मग मी गन घेतली. माझा हात आता म्हातारपणाने कापतो. मनगट टेकवलं, आणि त्यावर तुमची बोटं जाणवली, खोटं कशाला सांगू. टाका वितळला, सेन्सरचे पाय सुटले, पट्टी शाबूत. जागा बदलून परत टाके मारले.

आता तो डबी घेऊन घरभर हिंडतो. ट्यूबलाइट तपासतो, फ्रिज उघडून आतला दिवा तपासतो. तिन्हीसांजेला माझ्यावर ओरडतो, "अगं ए, दिवा लाव, डबी गप झाली." शेजारणींना सांगते, डोक्याला ताप झालाय नुसता.

हे पत्र टाकणार कुठे, मसणात पोस्ट नसतं. गादीखाली राहील. फक्त तुम्हाला म्हणून सांगते, बाई. संध्याकाळी दिवा लावायला मी मुद्दाम उशीर करते.